खिल्लारे सरांची डिस्क उतरत नाही

कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान वीस वर्षं चालवलं की माणसाकडं दोन गोष्टी जमतात. एक, कुठल्याच मशीनचे नसलेले स्क्रू. आणि दुसरी, किस्से. स्क्रूंचा डबा मी दुकान बंद करताना भंगारवाल्याला देऊन टाकला. किस्से कोण घेणार? ते आपल्यालाच सांगत बसावे लागतात!

वसमतला एस.टी. स्टँडच्या मागं माझं दुकान होतं. हळदीच्या हंगामात कुठल्याही आडत दुकानातला कॉम्प्युटर उघडा, आतला पंखा पिवळाधमक! एकदा एका शेटजींनी आत डोकावून विचारलं, "काहो रमेश, ह्याचं लगीन हाय का?"

पण माझ्याकडचे निम्मे किस्से एकाच घरातले आहेत. खिल्लारे सरांच्या घरातले. सर जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. त्यांच्या मिसेस सरकारी दवाखान्यात नर्स. अख्खं गाव त्यांना सिस्टर म्हणायचं, आणि ऐकून ऐकून सरही घरात सिस्टरच म्हणायला लागले होते!

सरांना एकच नाद. नव्वदच्या दशकात ते सुट्टीच्या दिवशी टेपरेकॉर्डर पिशवीत घालून लुनावर खेडोपाडी जायचे आणि म्हाताऱ्या माणसांची गाणी रेकॉर्ड करून आणायचे. जात्यावरच्या ओव्या, भीमगीतं, धनगरांच्या ओव्या. कपाट भरून कॅसेटी झाल्या. पुढं कॅसेटींना बुरशी लागायला लागली, एकेक आवाज घोगरा व्हायला लागला, तेव्हा सरांनी ठरवलं की सगळं कॉम्प्युटरमध्ये घालायचं.

मी त्यांना एक जुनं पेंटियम जोडून दिलं, दोन डिस्क बसवल्या. एका इंग्रजी मासिकाबरोबर लिनक्स नावाच्या सिस्टीमची सीडी फुकट आली होती, ती सरांनी स्वतः टाकली. सिस्टरांच्या शिलाई मशीनच्या टेबलावर तो डबा बसला आणि सरांच्या बैठकीत सर्व्हर सुरू झाला. वसमतमधला घरातला पहिला सर्व्हर, असं सर म्हणायचे. दुसरा झाल्याचं मीही कधी ऐकलं नाही.

ह्या सर्व्हरची एक रीत होती. डिस्क वापरायची तर आधी 'चढवावी' लागायची, आणि मशीन बंद करायच्या किंवा डिस्क काढायच्या आधी 'उतरवावी' लागायची. गाडी सोडताना बैलांच्या मानेवरचं जू आधी उतरवतात ना, तसं. न उतरवता लाईट गेली तर आतलं लिखाण अर्धवट राहायचं, आणि सरांनी गोळा केलेले आवाज बिघडायची भीती असायची.

डिस्क चढायची झटक्यात. उतरायला मात्र कधी तयार नसायची!

* * *

पहिल्याच आठवड्यात सर वही घेऊन दुकानात आले. चेहरा पेपर तपासताना होतो तसा.

"रमेश, ह्या मशीनला इंग्रजी येत न्हाई."

मी म्हणालो, "सर, मशीन अमेरिकेचं आहे."

"असू दे. मी उतरवायची कमांड अकरा वेळा लिहिली. अकराच्या अकरा वेळा म्हणतं, अशी कमांडच न्हाई!"

सरांनी वही पुढं केली. वहीत सुंदर वळणदार अक्षरात लिहिलेलं: यू, एन, एम, ओ, यू, एन, टी. खाली लाल रेघ. स्पेलिंग बरोबर असल्याची खूणही स्वतःच केलेली!

मी सीडीबरोबर आलेलं पुस्तक उघडून बघितलं. "सर, पहिला एन काढा."

"कुठला एन?"

"यूच्या पुढचा. नुसतं यू, एम, ओ..."

सर माझ्याकडं बघतच राहिले. "रमेश, एन काढला तर स्पेलिंग चुकतं."

"सर, ज्यांनी मशीन बनवलं त्यांनीच चुकवून ठेवलंय."

आता खिल्लारे सर म्हणजे स्पेलिंग चुकलं की दहा वेळा लिहायला लावणारा माणूस. मलाही सातवीत लावलं होतं! त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, "शिकवलं कोणी त्यांना?"

तरी सरांच्या घरी गेलो. सर खुर्चीत बसले, एन गिळून कमांड लिहिली. बोट आपोआप खोडायच्या बटणाकडं जात होतं हो त्यांचं! एंटर मारलं. ह्या वेळी मशीननं कमांड ओळखली आणि उत्तर दिलं: डिव्हाइस बिझी आहे.

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बघ. इंग्रजी कळत नव्हतं तोवर न्हाई म्हणत होतं. आता कळलं, तर म्हणतं वेळ न्हाई!"

* * *

ते 'बिझी' काही त्या दिवशी सुटलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी आणि सर दोघं त्या काळ्या पडद्यासमोर बसलेलो. गाणी वाजवायचा प्रोग्राम बंद केला, सगळ्या खिडक्या बंद केल्या, तरी तेच. पुस्तकात लिहिलेलं होतं की डिस्कवर कोणीतरी काम करत असलं तर ती उतरत नाही. पण काम करणार कोण? घरात आम्ही दोघंच!

इतक्यात सिस्टर ड्यूटीवरून आल्या. जेवणाच्या डब्याची पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, "रमेशभाऊ, काल पण इथंच होतात. काय झालं?"

"ताई, कोणीतरी डिस्कवर बसलंय, त्यामुळं ती उतरून न्हाई राहिली."

"कोण बसलंय?"

"तेच शोधून राहिलो."

सिस्टर पुढं आल्या, पडद्याकडं वाकून बघितलं. सरांनी त्या डिस्कला नाव दिलं होतं, आवाज. आणि जिथं सर कमांड लिहीत होते, त्या ओळीच्या सुरुवातीलाच मशीन तेच नाव दाखवत होतं. म्हणजे सर त्या डिस्कच्या आत उभं राहूनच हुकूम सोडत होते!

सिस्टरांनी बोट ठेवलं. "हे आवाज आवाज काय लिहिलंय इथं?"

"म्हणजे आपण आत्ता त्या फोल्डरमध्ये आहोत," सर म्हणाले. आणि म्हणता म्हणताच थांबले.

"म्हणजे तुमीच बसलेत की हो!"

सरांनी दोन अक्षरं टाइप केली, फोल्डरच्या बाहेर आले, आणि डिस्क अशी उतरली की जणू दोन दिवस वाटच बघत होती!

सिस्टर पिशवी उचलून आत निघाल्या. जाता जाता म्हणाल्या, "आमी तर पेशंट बेडवर झोपलेला असतानाच खालची चादर बदलतो. तुमच्या मशीनला तेवढं बी येत न्हाई?"

पुढं दोन वर्षांनी मला कळलं की तशी कमांड आहे! कोणी बसलेलं असतानाच हळूच डिस्क काढून घेणारी. बसलेल्याला उठवायचं नाही, फक्त नवीन कोणाला बसू द्यायचं नाही. मी खास सांगायला गेलो. सिस्टर भाजी निवडत होत्या, वर न बघता म्हणाल्या,

"नर्सनं बनवली असंल."

* * *

सरांच्या घरासमोर शकीलभाईंचा फोटो स्टुडिओ. लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगला त्यांचा हात धरणारं तालुक्यात कोणी नव्हतं. त्यांच्या मशीनमध्ये जागा पुरेना, म्हणून सरांनी त्यांना आपल्या दुसऱ्या डिस्कवर जागा दिली होती. गल्लीवरून एक वायर टाकली, ह्या खिडकीतून त्या खिडकीत. तिच्यावर लोक टॉवेल वाळत घालायचे.

एका दुपारी ती दुसरी डिस्क उतरेना. सर खिडकीतून ओरडले, "शकीलभाई, तुमचं काही चालू आहे का? बंद करा, उतरवायचंय!"

समोरच्या खिडकीतून शकीलभाईंचं डोकं बाहेर आलं. डोळे लाल. तीन दिवसांपासून एकाच लग्नाचं एडिटिंग चालू होतं, आणि पार्टी स्टुडिओत येऊन बसलेली.

"सर, पाच मिनिट ठैरो!"

पाचाची पंधरा मिनिटं झाली. सर परत ओरडले, "शकीलभाई, उतरवू का?"

तिकडून आवाज आला, "क्या बात करते सर! नवरदेव आत्ता घोड्यावर चढून राहिला, आणि तुमी उतरवा म्हणता!"

* * *

लोडशेडिंगचे दिवस आठवतात ना? वर्तमानपत्रात वेळापत्रक यायचं, आणि मुलांच्या शाळेच्या वेळापत्रकापेक्षा ते जास्त पाठ असायचं. आमच्या भागात दुपारी बाराला लाईट जायची. सरांचा नियम होता: पावणेबाराला डिस्क उतरवायची, मशीन बंद करायचं. सर शाळेत असले तर सिस्टर करायच्या, आणि दोघंही कामावर असले तर मशीन सकाळपासून बंदच. यूपीएस होता, पण म्हातारा. पाच मिनिटांत शीं शीं करून मान टाकायचा.

एकदा सिस्टर रजेवर घरी होत्या. बाराला दहा कमी असताना माझ्या दुकानात फोन. "रमेशभाऊ, उतरून न्हाई राहिली! सगळं बंद केलं, तरी कोणीतरी धरून बसलंय!"

मी त्यांना म्हणालो, तुम्ही फोन ठेवा, मी आधी लाईटचं बघतो. सबस्टेशनवर बळीरामभाऊ म्हणून लाईनमन होते, देवमाणूस. त्यांना फोन लावला.

"बळीरामभाऊ, आज दहा मिनिटं उशिरा घालवा ना लाईट. खिल्लारे सरांकडं डिस्क उतरून न्हाई राहिली."

बळीरामभाऊंनी ऐकलं, डिश. त्या वेळी घरोघरी गच्चीवर डिश बसत होत्या.

"काहून न्हाई उतरत? वर चढलंय कोण?"

"चढलं कोणी न्हाई. पण सिस्टर म्हणतात, धरून बसलंय. सोडूनच न्हाई राहिलं!"

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग बळीरामभाऊंचा आवाज बदलला. "किती वेळ झाला?"

"झाली दहा मिनिटं."

फोन धाडकन आपटला. आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यावरचा पंखा थांबला. आमच्या दुकानाचा, स्टँडचा, पलीकडच्या दवाखान्याचा, अख्ख्या भागाचा! मी सायकलवर बसून सरांच्या घराकडं पळालो. पोचतो तर मागून मोटरसायकल. बळीरामभाऊ, हातात रबरी मोजे, मागच्या माणसाच्या खांद्यावर लांब बांबू!

दारातच ओरडले, "कोण चिकटलंय? कुठंय?"

सिस्टर बाहेर आल्या. त्यांना काही कळेना. त्यांनी बैठकीतल्या डब्याकडं बोट दाखवलं. यूपीएसनं तोवर मान टाकलेली.

"ही."

बळीरामभाऊंनी डब्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मागच्यानं बांबू भिंतीला टेकवला आणि बळीरामभाऊ उंबऱ्यातच खाली बसले. घामाघूम. सिस्टरांनी पाणी दिलं, त्यांनी तांब्या रिकामा केला. मी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणाले, "जाऊ द्या. मानूस न्हाई ना कोणी? मग बस झालं."

संध्याकाळी लाईट आल्यावर मशीननं तीन तास स्वतःची तपासणी केली. सर तोवर जेवले नाहीत. एकही गाणं गेलं नव्हतं.

आणि दुसऱ्या दिवसापासून, बळीरामभाऊंची बदली होईपर्यंत, रोज पावणेबाराला सरांच्या घरी फोन वाजायचा.

"सिस्टर, उतरवा. मी घालवून राहिलो!"

* * *

आता हा किस्सा माझ्या अब्रूचा आहे, पण सांगतो.

डोंगरकडा गावी एका खताच्या दुकानात कॉम्प्युटर बसवायला गेलो होतो. मोबाईल तेव्हा माझ्याकडं नव्हता. सरांच्या डिस्कचं आदल्या दिवसापासून अडलेलं होतं, आणि अकराला फोन करतो असं मी कबूल केलेलं. म्हणून एसटीडी बूथवर गेलो. उन्हाळा. काचेच्या केबिनमध्ये जीव गुदमरायला लागला, म्हणून दार पायानं उघडं धरून ठेवलं.

तर मशीनमध्ये चालू असलेल्या प्रत्येक कामाला एक नंबर असतो. अडून बसलेलं काम बंद करायच्या कमांडचं नावच आहे 'किल'. साध्या किलनं ऐकलं नाही तर त्याला नऊ आकडा जोडायचा, मग कोणाचंच चालत नाही. आणि एका कामातून दुसरं काम निघालं की पहिल्याला बाप म्हणायचं, दुसऱ्याला लेकरू. हे सगळं मला माहीत, सरांना माहीत. बूथबाहेर उभ्या असलेल्या लोकांना काय माहीत!

लाईन खराब, म्हणून मी ओरडून बोलत होतो.

"सर, दिसला का तो? दिसला? मग मारा त्याला!"

"..."

"न्हाई मेला? असा न्हाई मरायचा तो. नऊ नंबरनं मारा!"

"..."

"परत उठला? मग ते लेकरू असंल सर! लेकराला मारून काही उपयोग न्हाई, परत पैदा होतंय. आधी त्याचा बाप शोधा. बाप मारा, लेकरं आपोआप जातात!"

"..."

"मेले? सगळे मेले? शाबास! आता निवांत उतरवा!"

फोन ठेवून बाहेर आलो. बूथवाला वहीत डोकं घालून बसलेला, वर बघायला तयार नाही. रांगेतले दोघं बाजूला सरकलेले. फक्त एक म्हातारी मावशी, काखेत पिशवी, ती जागची हलली नव्हती. माझ्याकडं टक लावून बघत होती. डोळ्यांत पाणी.

"काहून रे बाबा असं?" ती म्हणाली. "चांगल्या घरचा दिसतूस. धुऱ्या-बांधासाठी मानसं नगं मारू. वाटणी घाल, पंच बसव. लेकरावर कामून हात टाकाव?"

मी गडबडलो. "मावशी, तसं न्हाई हो! ते सगळं मशीनमधलं आहे. मशीनमध्ये मेले ते!"

मावशीनं पिशवी घट्ट धरली.

"आमच्या भावकीतल्यानं बी कोर्टात तेच सांगितलं व्हतं. मळणीच्या मशीनमधी गेला म्हणून!"

* * *

सिस्टरांचा त्या डब्यावर हळूहळू जीव बसला होता. एक दिवस बघतो तर कॅबिनेटला दोऱ्यानं एक पुठ्ठा लटकवलेला. दवाखान्यात बेडच्या पायथ्याशी असतो तसा. पेशंटचं नाव: आवाज. तक्रार: उतरत नाही. रोजची तारीख, किती वाजता चढवली, किती वाजता उतरवली, पंख्याचा आवाज कसा आहे, सगळं टापटीप लिहिलेलं.

मी हसलो. म्हणालो, "ताई, डिस्चार्ज कधी?"

सिस्टर म्हणाल्या, "नातेवाईक तयार न्हाईत."

* * *

आता शेवटचा. हा मी फार जणांना सांगितलेला नाही.

सर्व्हरला पाचेक वर्षं झाली असतील. एका दुपारी सरांचा फोन आला. "रमेश, डिस्कमधून टक टक येऊन राहिलं."

मी हातातलं काम टाकलं. डिस्क टकटक करायला लागली म्हणजे तिचे काही तासच राहिलेले असतात, कधी काही मिनिटंच. अशा वेळी एकच करायचं. ताबडतोब उतरवायची, काढायची, आणि दुसऱ्या मशीनला लावून निघेल तेवढं नव्या डिस्कवर काढून घ्यायचं. मी कपाटातली नवी डिस्क घेतली आणि निघालो.

बैठकीत सर्व्हरसमोर खुर्चीत एक म्हातारा बसला होता. डोक्याला पागोटं, मांडीवर घोंगडी, काठी भिंतीला टेकवलेली. कानाला सरांचे मोठे हेडफोन. डोळे मिटलेले, आणि उजवा हात गुडघ्यावर ठेका धरून चाललेला.

सर मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "हे दगडूमामा. पुसेगावकडचे. मेंढरं राखतात. ह्यांचा धाकटा भाऊ संभा, त्याची ओवी मी दहा-बारा वर्षांपूर्वी माळावर रेकॉर्ड केली होती. संभा होळीच्या आधी वारला. मामांना कोणीतरी सांगितलं की मास्तरच्या पेटीत तुझ्या भावाचा आवाज आहे. सकाळपासून दोन गाड्या बदलून आलेत."

"सर, किती वेळाची आहे ओवी?"

"पाऊण तास. अर्धी झाली."

मी म्हणालो, "सर, उरलेली अर्धी होईपर्यंत ही डिस्क राहायची न्हाई."

टक. टक. खोलीत तेवढाच आवाज. दगडूमामांना तो ऐकू जात नव्हता.

मी उभ्याउभ्याच कमांड दिली. बिझी. कोण धरून बसलंय ते विचारलं. गाणी वाजवणारा प्रोग्राम, त्याचा नंबर. ह्या वेळी शोधायचं काही नव्हतंच, धरून बसलेला माणूस समोर दिसत होता. मी मारायची कमांड लिहिली आणि एंटरवर बोट ठेवून सरांकडं बघितलं.

सर म्हणाले, "थांब."

"सर, तुमच्या आईच्या ओव्या कुठल्या डिस्कवर आहेत?"

"ह्याच."

"दुसरीकडं कॉपी?"

सरांनी नाही म्हणून मान हलवली. नवी डिस्क आणून कॉपी काढायची, असं आम्ही दोघं सहा महिने नुसतं म्हणत होतो. त्या ओव्यांच्या कॅसेटी कधीच्या खराब झाल्या होत्या. आणि सरांची आई जाऊन दोन वर्षं झाली होती.

"मग सर?"

"त्यांना काय सांगू, रमेश? तुमचा भाऊ बंद करतो म्हणून?"

मी बोट काढून घेतलं.

सिस्टर आतून आल्या. त्यांना कोणी काही सांगितलं नाही, त्यांनी ऐकलं फक्त. कॅबिनेटवर तळहात ठेवला आणि दुसऱ्या हातातलं घड्याळ बघत उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "मिनिटाला सहा." पुढं परत एकदा, "नऊ." सर खिडकीकडं तोंड करून उभे होते. मी नव्या डिस्कचा खोका हातात धरून, त्याच्यावरचं छापील सगळं तीन वेळा वाचलं.

डिस्क वाचली, हे सांगून टाकतो. ओवी संपली तशी मी ती उतरवली, आणि पहिल्या झटक्यात उतरली. सगळं नव्या डिस्कवर काढून घ्यायला दोन दिवस लागले. सरांच्या आईच्या सगळ्या ओव्या निघाल्या, संभाची निघाली, थोडी भीमगीतं मात्र गेली ती गेलीच. सरांनी त्याबद्दल मला कधी एक शब्द विचारला नाही. पण त्या दुपारी ह्यातलं काहीच आम्हाला माहीत नव्हतं. आम्ही तिघं नुसती टकटक मोजत होतो.

आणि मधेच दगडूमामांचा हात थांबला.

गुडघ्यावरचा ठेका बंद. डोळे उघडले. कपाळाला आठ्या. मला वाटलं, गेली. आवाज तुटला. सरही वळले. सिस्टरांनी घड्याळावरची नजर काढली.

दगडूमामा खुर्चीत पुढं वाकले, अगदी त्या डब्याच्या तोंडाजवळ. कानाला हेडफोन असले की माणसाला आपला आवाज कळत नाही, तसे खणखणीत ओरडले,

"बाणाई मोजिते मेंढरं, एक कोकरू कमी भरलं!"

आम्ही तिघं दचकलो. मामा वाकलेलेच. श्वास धरून. एक क्षण, दोन क्षण.

मग गुडघ्यावर हात परत पडला. ठेका सुरू. मामा मागं टेकले, आणि सरांकडं बघून तोंडभर हसले.

"संभा इसरला व्हता. ओळ घेतली आता!"